कोणत्या वस्तीत राहावे?

भंडारा जिल्ह्याच्या तुमसर तालुक्यात, सातपुड्याचे डोंगर जेथे धानाच्या बांध्यांना येऊन मिळतात त्या प्रदेशात, आंबागडचा किल्ला उभा आहे. देवगडच्या गोंड राजवंशातील बख्त बुलंद याच्या अमलात, इसवी सन १७०० च्या सुमारास, राजाखान पठाण नावाच्या सुभेदाराने तो बांधला. आणि याच बख्त बुलंदाने १७०२ साली बारा लहान खेडी एकत्र जोडून नागपूर शहराची स्थापना केली. राजा वंशाने गोंड आणि धर्माने मुसलमान, त्याचा सुभेदार पठाण, आणि त्याने आपल्या मुलखात आणून वसविलेले शेतकरी, कारागीर व उदमी नाना जातिधर्मांचे, असा तो काळ होता. पुढे हा मुलूख नागपूरकर भोसल्यांकडे गेला आणि रक्षणासाठी उभारलेल्या आंबागडच्या तटाचा उपयोग कैद्यांना डांबून ठेवण्यासाठी होऊ लागला. आज या किल्ल्याच्या परिसरातील खेड्यांतून शिकूनसवरून बाहेर पडलेला तरुण किंवा तरुणी तुमसर रोड स्थानकावर नागपूरच्या गाडीत बसते, तेव्हा एकाच राजाच्या गडाकडून त्याच राजाच्या नगराकडे होणारा तो प्रवास असतो. आणि गाडीतून उतरल्यावर, नोकरीच्या पहिल्या दिवसाच्याही आधी, जो प्रश्न त्या तरुण जिवापुढे उभा राहतो तो असा, की या एवढ्या मोठ्या शहरात आपण राहावे कोठे?

हा प्रश्न सामान्यतः व्यवहाराचा समजला जातो. खोलीचा दरमहा किराया किती, अनामत किती, कचेरी किती लांब, पाण्याचा नळ किती वेळ चालतो, खाणावळ जवळ आहे की नाही, रात्री उशिरा परतताना रस्त्यावर दिवे व माणसांची वर्दळ असते की नसते, या गोष्टींचा हिशेब मांडून निर्णय केला जातो. ज्याची नोकरी मिहान प्रकल्पात आहे तो वर्धा मार्गाच्या बाजूला, मनीषनगर किंवा बेसा येथे खोली शोधतो; ज्याची हिंगण्याच्या कारखान्यांत आहे तो पश्चिमेकडे वळतो; २०१९ साली मेट्रो सुरू झाल्यापासून आणि २०२२ च्या डिसेंबरात तिचा पहिला टप्पा पुरा झाल्यापासून स्थानकाच्या जवळ राहण्याचे महत्त्वही वाढले आहे. हा हिशेब तुच्छ मानण्याचे कारण नाही. चाणक्याच्या नावावर असलेल्या नीतिग्रंथातसुद्धा राहण्याची जागा निवडण्याचे निकष सांगताना वैद्य, नदी, धनवान, विद्वान आणि राजा या पाचांचे सान्निध्य जेथे नाही तेथे एक दिवसही काढू नये असा उपदेश केला आहे. आजच्या भाषेत ती इस्पितळ, पाणी, रोजगार, शिक्षण आणि सुरक्षितता यांचीच यादी आहे. पोटापाण्याच्या चिंतेत असलेल्या माणसाला अध्यात्माचा उपदेश करून ही यादी बाजूला सारायला लावणे हा त्याच्यावर अन्याय होय.

परंतु या यादीतील सर्व रकाने भरून झाल्यानंतरही एक रकाना रिकामाच राहतो, आणि तो धर्माचा आहे. येथे धर्म म्हणजे पूजाअर्चा नव्हे; माणसाने माणसाशी कोणत्या नात्याने राहावे याविषयीची जी मूळ निष्ठा, ती मला अभिप्रेत आहे. आपण कोणाच्या शेजारी राहणार, कोणाला आपल्या शेजारी राहू देणार, आणि या निवडीने आपण कोण होणार, हा तो प्रश्न आहे. तो विशेषेकरून एकट्या, अविवाहित, मिळवत्या तरुणाला का पडावा, याचे कारण आपल्या आश्रमव्यवस्थेच्या रचनेत सापडते.

शास्त्रकारांनी आयुष्याचे चार आश्रम कल्पिले. ब्रह्मचारी गुरुगृही राहतो, म्हणजे त्याच्या निवासाचा निर्णय गुरू करतो. गृहस्थ कुळाच्या व व्यवसायाच्या गावी घर मांडतो. वानप्रस्थाला अरण्य नेमून दिलेले आहे. आणि संन्यासी तर कोठेच स्थिर राहत नाही. अध्ययन संपले आहे, परंतु विवाह झालेला नाही, अशा माणसाला त्यांनी स्नातक म्हटले खरे. पण ती दोन आश्रमांमधली एक अल्प मुदतीची पायरी होती. त्या पायरीवर कोणी दहा-दहा, पंधरा-पंधरा वर्षे उभा राहील, स्वतःच्या कमाईवर जगेल, पित्याच्या घरात नाही आणि स्वतःच्या संसारातही नाही अशा अवस्थेत परक्या नगरात किरायाच्या खोलीत राहील, आणि पुरुषांप्रमाणेच स्त्रियाही असे राहू लागतील, ही कल्पना त्या व्यवस्थेला नव्हती. गृहस्थाला पंचमहायज्ञ सांगितले, अतिथीला अन्न देण्याचे कर्तव्य सांगितले. ब्रह्मचाऱ्याला भिक्षेचा अधिकार आणि सेवेचे व्रत सांगितले. आजचा हा एकटा किरायेदार कोणाकडे भिक्षा मागत नाही आणि कोणाला अन्न देण्याचीही जबाबदारी त्याच्यावर नाही. तो पैसे देतो आणि त्याच्या मोबदल्यात छप्पर घेतो. या व्यवहारात त्याच्यावर कोणाचेच ऋण राहत नाही. अशा रीतीने आपल्या समाजात एक नवा आश्रम निर्माण झाला आहे, पण त्याचा धर्म अजून कोणी सांगितलेला नाही. माझे म्हणणे असे आहे, की या नव्या आश्रमाचा पहिला धर्मविषयक निर्णय म्हणजे वस्तीची निवड, आणि म्हणून ती केवळ सोयीच्या तराजूत तोलून होण्यासारखी नाही.

स्थळाचा माणसाच्या अंतःकरणावर परिणाम होतो काय, यावर आपल्या परंपरांचे पुष्कळ चिंतन आहे. गीतेच्या सहाव्या अध्यायात योगाभ्यासासाठी शुद्ध स्थान निवडावे असे सांगितले आहे. आणि शके १२१२ मध्ये त्यावर भाष्य करताना ज्ञानेश्वरांनी त्या स्थानाचे जे वर्णन केले आहे ते मराठी वाङ्मयातील अतिशय रमणीय स्थळांपैकी एक आहे. तेथे निर्मळ पाणी आहे, दाट छाया आहे, गर्दी नाही. तेथे बसलेल्याला उठावेसे वाटत नाही, विलासी राजालाही राज्य सोडून तेथेच राहावेसे वाटते. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, वाटेने सहज जाणाऱ्या पाखंड्याच्या मनातही तेथे तपाची इच्छा उत्पन्न होते. ज्ञानेश्वरांनी चांगल्या स्थळाची जी कसोटी येथे सांगितली ती नीट पाहण्यासारखी आहे. जे स्थळ केवळ साधकालाच मानवते ते त्यांनी उत्तम म्हटलेले नाही. विलासी, परका, श्रद्धाहीन असा जो कोणी तेथे येईल त्यालाही जे सामावून घेते आणि अधिक चांगले करते, ते त्यांनी उत्तम मानले आहे. ज्या मुलाच्या आईबापांना समाजाने वाळीत टाकले असे परंपरा सांगते, त्याने स्थळाची कल्पना करताना तिच्यात कोणालाही मज्जाव ठेवला नाही, याचे मोल फार मोठे आहे.

बौद्ध परंपरेत हाच विचार अधिक थेट रीतीने आला आहे. श्रावस्तीच्या जेतवनात भगवान बुद्धांनी सांगितलेले मंगलसुत्त आज नागपूर-भंडाऱ्याच्या असंख्य घरांतून म्हटले जाते. त्यात उत्तम मंगले कोणती हे सांगताना मूर्खांची संगत टाळणे आणि ज्ञानी जनांची संगत धरणे यांच्या पाठोपाठ अनुरूप प्रदेशात निवास करणे हेही एक मंगल सांगितले आहे; आणि त्याच गाथेत स्वतःला योग्य मार्गावर स्थिर करणे हे दुसरे. या दोहोंचे साहचर्य मला अर्थपूर्ण वाटते. चांगली वस्ती मिळाली म्हणून माणूस आपोआप चांगला होत नाही, आणि माणूस चांगला आहे म्हणून वस्ती कशीही चालेल असेही नाही. दोन्हींची जोड लागते. भंडारा जिल्ह्यातच वैनगंगेच्या काठी पवनी येथे जो प्राचीन स्तूप उत्खननात सापडला, त्याच्या शिळांवर दान देणाऱ्या स्त्रीपुरुषांची नावे ब्राह्मी लिपीत कोरलेली आहेत. दोन हजार वर्षांपूर्वीच्या त्या माणसांनी एक पवित्र स्थळ एकत्र येऊन घडविले. अनुरूप प्रदेश नेहमी आयता सापडत नाही, पुष्कळदा तो वर्गणीने उभारावा लागतो, एवढे त्या शिळांवरून निश्चित कळते.

याच्या अगदी उलट वाटणारी, पण तितकीच खोल शिकवण चक्रधरस्वामींची आहे. रामटेकच्या यात्रेचे निमित्त करून गुजरातेतून निघालेला हा राजपुत्र वाटेत लवाजमा सोडून एकटाच पुढे गेला, आणि ऋद्धिपूरला गोविंदप्रभूंच्या भेटीने त्याचे आयुष्य पालटले. पुढे चक्रधरांनी आपल्या अनुयायांना जो आचार सांगितला त्यात स्वदेशाचा संबंध, स्वतःच्या गावाचा संबंध आणि त्याहीपेक्षा आप्तस्वकीयांचा संबंध सोडण्यावर भर आहे. या उपदेशाचा रोख मायेच्या बंधनावर आहे हे खरे. पण त्याचा एक अर्थ घर सोडून शहरात येणाऱ्या प्रत्येकाला लागू होतो. जेथे आपले नाव, कूळ आणि आडनाव आपल्या आधी पोचलेले असते तेथे आपण स्वतः कोण हे आपल्याला कधी कळत नाही. परके गाव माणसाला त्याच्या कुळाच्या ओळखीपासून क्षणभर मोकळे करते, आणि त्या मोकळ्या क्षणी तो कोणाचा शेजार धरतो यावरून त्याची खरी श्रद्धा प्रकट होते.

प्रत्यक्षात काय होते? आंबागडकडचा मुलगा नागपुरात आला की त्याचा पहिला मुक्काम बहुधा गाववाल्याच्या किंवा नातलगाच्या खोलीवर पडतो, आणि दुसरी खोली त्याच ओळखीतून, त्याच समाजाच्या मोहल्ल्यात मिळते. यात दोष काढण्याजोगे काही नाही. अनोळखी शहरात आपली बोली बोलणारा, आपल्या गायमुखच्या यात्रेची आठवण काढणारा, आजारपणात डबा आणून देणारा माणूस जवळ असावा, ही भूक खरी आहे. नागपूरची जुनी रचनाही अशीच घडली: इतवारी, बुधवारी, शुक्रवारी या बाजारपेठांभोवती, महालाभोवती, विणकरांच्या मोमिनपुऱ्यात, एकेका धंद्याचे व समाजाचे लोक एकत्र वसत गेले. नवख्या माणसाने पहिले पाऊल आपल्या माणसांत टाकावे हे स्वाभाविक आहे. परंतु पहिल्या पावलालाच मुक्काम समजणे घातक आहे. ज्या भिंती आपल्याला सुरक्षित ठेवतात त्यांच्या आत आपण किती काळ राहतो यावर त्या तट ठरतात की तुरुंग, हे अवलंबून असते. आंबागडाच्या इतिहासाने ही गोष्ट दगडांत लिहून ठेवली आहे. आजची फाटक लावलेली संकुले, जेथे एकाच पगाराची, एकाच आहाराची, एकाच आडनावांच्या यादीतील माणसे राहतात, ती सुखाची असतील. पण तेथे वाढणाऱ्या माणसाला आपल्याहून भिन्न माणसाशी बोलण्याची सवयच राहत नाही, आणि सवय गेली की भीती उत्पन्न होते.

येथे एका जुन्या ग्रंथाचा सामना करणे अपरिहार्य आहे. आपण ज्या प्रश्नाचा विचार करीत आहोत त्याचे उत्तर मनुस्मृतीच्या चौथ्या अध्यायात, स्नातकाच्या व्रतांमध्ये, स्पष्ट शब्दांत दिलेले आहे. स्नातकाने अधार्मिक गावात राहू नये, रोगराईने ग्रासलेल्या गावात राहू नये, असे सांगून ती स्मृती पुढे म्हणते की शूद्राच्या राज्यात राहू नये, पाखंडी लोकांनी व्यापलेल्या ठिकाणी राहू नये, अंत्यजांचा उपद्रव असेल तेथे राहू नये. म्हणजे स्नातकाने वस्ती कशी निवडावी हा प्रश्न शास्त्रापुढे आलाच नव्हता असे नाही; तो आला, आणि त्याला बहिष्काराचे उत्तर दिले गेले. ते उत्तर ग्रंथातच राहिले असते तर आज त्याचा उल्लेख करण्याचे कारण नव्हते. परंतु खोली पाहायला आलेल्या माणसाला ‘आडनाव काय?’ असे विचारले जाते, आडनाव ऐकून ‘आत्ताच एकाला कबूल केली’ असे सांगितले जाते, मांसाहाराचे निमित्त पुढे करून धर्माची व जातीची चौकशी केली जाते, तेव्हा ज्याने मनुस्मृती कधी हाती धरली नाही असा घरमालकही तिचाच शिरस्ता चालवीत असतो.

या शिरस्त्याने काय घडते याचा सर्वांत स्पष्ट दाखला १९१७ सालचा आहे. कोलंबिया विद्यापीठात व लंडनमध्ये शिक्षण घेऊन आलेले, सव्वीस वर्षांचे भीमराव आंबेडकर बडोदे संस्थानच्या नोकरीत रुजू होण्यासाठी बडोद्याला गेले. महाराजांची शिष्यवृत्ती होती, कचेरीत जागा होती, करारनाम्याने बांधलेली सेवा होती. नव्हते ते फक्त राहायला घर. हिंदूंच्या खाणावळीत आपल्याला जागा मिळणार नाही हे जाणून त्यांनी एका पारशी सराईत पारशी नाव लावून आसरा घेतला. त्या ओसाड सराईत ते एकटेच पाहुणे होते. काही दिवसांतच ओळख उघडकीस आली, काठ्या घेतलेला जमाव दारात उभा राहिला, आणि संध्याकाळपर्यंत जागा सोडण्याचे त्यांना बजावण्यात आले. एका हिंदू आणि एका ख्रिस्ती स्नेह्याकडे त्यांनी आश्रय मागितला. दोघांनीही सबब सांगितली. शेवटी मुंबईच्या गाडीची वेळ होईपर्यंतचे तास त्यांनी एका सार्वजनिक बागेत बसून काढले आणि नोकरी सोडून ते परत गेले. हा प्रसंग त्यांनी स्वतः लिहून ठेवला आहे. एकट्या, तरुण, सुशिक्षित, मिळवत्या माणसाने शहरात जागा शोधण्याची हिंदुस्थानातील ही सर्वांत महत्त्वाची कथा आहे, आणि तिच्यातील मुख्य गोष्ट ही, की निवडीचा अधिकार त्यांच्याकडे नव्हताच. पुढे १९२७ च्या २५ डिसेंबरला महाडला मनुस्मृतीचे दहन झाले. १९५४ साली भंडारा मतदारसंघातून लोकसभेची पोटनिवडणूक लढवताना आंबेडकरांचा पराभव झाला. आणि १९५६ च्या १४ ऑक्टोबरला, ज्या शहरात आपला हा तरुण खोली शोधतो आहे त्याच नागपुरात, त्यांनी लक्षावधी अनुयायांसह बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. ज्या माणसाला एका शहरात एक खोली नाकारली गेली, त्याने दुसऱ्या शहरात लक्षावधी माणसांना मनाचे घर दिले.

त्याच्याही सहाशे वर्षे आधीची एक घटना या संदर्भात आठवल्याशिवाय राहत नाही. संत चोखामेळा मंगळवेढ्याचे. गावाचे कूस बांधण्याच्या कामावर वेठीने लावलेल्या मजुरांत तेही होते, आणि १३३८ साली ती भिंत कोसळून त्याखाली त्यांचा अंत झाला. ज्यांच्या घरांना कुसाच्या आत जागा नव्हती त्यांच्याच हातांनी ते कूस बांधले जात होते, आणि त्याच कुसाने त्यांचा प्राण घेतला. नामदेवांनी त्यांच्या अस्थी पंढरपूरला नेऊन महाद्वारासमोर समाधी दिली, हा भक्तीचा विजय मानला जातो व तो आहेही. परंतु जिवंतपणी शेजार नाकारून मृत्यूनंतर समाधीचा मान देणारी वस्ती धार्मिक म्हणावी काय, हा प्रश्न त्या समाधीपुढे उभे राहणाऱ्या प्रत्येकाने स्वतःला विचारला पाहिजे.

आता आपण मूळ प्रश्नाच्या उत्तरापाशी येतो. अधार्मिक वस्तीत राहू नये, हे स्मृतीचे वचन मला मान्य आहे. रोगट वस्तीत राहू नये, हेही मान्य आहे. वाद आहे तो वस्ती अधार्मिक कशाने होते याविषयी. माझे उत्तर असे, की जी वस्ती माणसाला त्याच्या जन्मामुळे दार बंद करते तीच अधार्मिक वस्ती. मग तिच्यात मंदिरे किती आहेत, रस्ते किती रुंद आहेत, रहिवासी किती सुशिक्षित आहेत, याने काही फरक पडत नाही. ज्या वस्तीत कोणत्याही नावाचा सज्जन माणूस किराया देऊन राहू शकतो ती वस्ती धार्मिक, मग तेथे एकही देऊळ नसो. ज्ञानेश्वरांच्या त्या रमणीय स्थळाची कसोटी, मंगलसुत्तातील अनुरूप प्रदेश आणि चक्रधरांचा स्वजनसंबंधाचा त्याग, या तिन्ही वाटा मला याच ठिकाणी येऊन मिळताना दिसतात.

यावर दोन आक्षेप घेतले जातील आणि दोन्ही विचारार्ह आहेत. पहिला असा, की हे काम कायद्याचे आहे, बिचाऱ्या किरायेदाराचे नव्हे. भारताच्या संविधानाने अनुच्छेद १९ मध्ये देशाच्या कोणत्याही भागात राहण्याचा व स्थायिक होण्याचा हक्क नागरिकांना दिला आहे, आणि अनुच्छेद १७ ने अस्पृश्यता नष्ट केली आहे. परंतु कायद्याची हद्द दाराच्या उंबऱ्यापाशी पुष्कळदा संपते. अहमदाबादच्या एका पारशी सहकारी गृहनिर्माण संस्थेच्या प्रकरणात, संस्थेला आपले सभासदत्व स्वतःच्या समाजापुरते मर्यादित ठेवता येते, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २००५ साली दिला. लहान समाजांना आपले वेगळेपण टिकविण्यासाठी एकत्र राहावेसे वाटते, हे समजण्यासारखे आहे. आणि जे बहिष्कारामुळे एकत्र राहिले त्यांच्या एकत्र राहण्याला तर दोष देताच येणार नाही. परंतु जे कायद्याने चालते ते धर्मानेही योग्यच असते असे नाही. आणि जेथे कायदा थांबतो तेथे धर्माचे काम सुरू होते, ही समजूत आपल्या सर्व संतांची होती. उंबऱ्याच्या आतला निर्णय शेवटी घरमालकाने आणि किरायेदारानेच करावयाचा आहे.

दुसरा आक्षेप असा, की एकट्या माणसाची, त्यातही एकट्या स्त्रीची, आधीच इतकी अडवणूक होते की तिने हे ओझे का उचलावे? ‘आम्ही फॅमिलीवाल्यांनाच देतो’ हे वाक्य प्रत्येक अविवाहिताने ऐकलेले असते. स्त्रीला तर त्यापुढे परतण्याची वेळ, येणाऱ्या-जाणाऱ्यांची नोंद आणि बापाची किंवा भावाची हमी अशा अटी घातल्या जातात. या आक्षेपातील दुःख खरे आहे. जिला रात्री सुरक्षित घरी पोचण्याची चिंता आहे तिने प्रथम सुरक्षितताच पाहावी. तो तिचा हक्क आहे आणि त्यात धर्माची हानी नाही. पण ज्यांना थोडी तरी निवड उपलब्ध आहे त्यांनी या दुःखातून उलट निष्कर्ष काढू नये. आपल्यावर अविवाहित म्हणून जो अविश्वास दाखविला जातो तो, दुसऱ्यावर महार म्हणून, मुसलमान म्हणून, आदिवासी म्हणून दाखविल्या जाणाऱ्या अविश्वासाचाच लहान भाऊ आहे. एका अविश्वासाची झळ लागलेल्याने दुसऱ्या अविश्वासाला हातभार लावावा हे न्यायाला शोभत नाही. शिवाय गृहस्थाला जे बंध असतात, मुलांची शाळा, सासर-माहेरची मर्जी, घराचे कर्ज, त्यांतला एकही या नव्या आश्रमवासीयाला अजून नाही. सामान एका खोलीत मावते तोवर माणूस जितका स्वतंत्र असतो तितका पुढे कधी असत नाही. आणि स्वातंत्र्य ज्याच्याकडे अधिक त्याच्याकडे कर्तव्यही अधिक, हे तत्त्व तर आपण राजांनाही लावीत आलो.

हे कर्तव्य फार अवघड नाही. खोली पाहताना किराया आणि पाणी यांच्याबरोबर आणखी एक गोष्ट विचारावी, की या घरात किंवा संकुलात कोणाला जागा देत नाहीत काय? उत्तर ऐकून, शक्य असेल तर तेथे राहू नये, आणि का राहत नाही ते नम्रपणे पण स्पष्ट सांगावे. आपल्याला मिळणारी जागा दुसऱ्याचे आडनाव नाकारून रिकामी ठेवलेली आहे असे कळले, तर ती सोय आपल्या पचनी पडू देऊ नये. राहायला गेल्यावर जिन्यातल्या, गल्लीतल्या, नाक्यावरच्या माणसांची नावे जाणून घ्यावीत. आजारी शेजाऱ्याला दवाखान्यात नेण्याइतकी, म्हाताऱ्या घरमालकिणीचा कागद वाचून दाखविण्याइतकी, सफाईचे काम करणाऱ्या बाईला प्यायला पाणी विचारण्याइतकी ओळख ठेवावी. नवा सहकारी गावाकडून आला आणि त्याला जागा मिळत नसेल, तर त्याचे आडनाव कोणतेही असो, आपल्या खोलीत काही दिवस त्याची पथारी पडू द्यावी. गृहस्थाला सांगितलेल्या पाच यज्ञांतील मनुष्ययज्ञ तो हाच. चूल पेटविण्याआधीही तो करता येतो.

राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी १९५५ साली ग्रामगीता प्रसिद्ध केली, तेव्हा गाव हाच देव मानून त्याची सेवा करावी असा विचार त्यांनी विदर्भाच्या घराघरांत पोचविला. तेव्हाचे पुष्कळसे गाव आज नागपूरच्या, पुण्याच्या, मुंबईच्या किरायाच्या खोल्यांतून विखुरले आहे; त्या विचाराला आता शहराच्या मोहल्ल्यापर्यंत यावे लागेल. नागपुरात ही परंपरा नवी नाही. भोसले घराण्यातील राजे रघुजीराव यांनी ताजुद्दीनबाबांना शक्करदऱ्याच्या आपल्या वाड्यात सन्मानाने ठेवून घेतले. हिंदू राजघराण्याने एका मुसलमान फकिराला घरात जागा दिली, आणि बाबांचे १९२५ साली देहावसान होऊन इतकी वर्षे झाली तरी सर्व धर्मांची माणसे त्यांच्या दर्ग्यावर जातात. दार उघडणाऱ्याचे घर त्यामुळे लहान झाले नाही.

म्हणून या जिल्ह्यातून शहराकडे निघालेल्या मुलामुलींना माझे सांगणे आहे: आपल्या गाववाल्यांचा आधार जरूर घ्या, सोयी जरूर पाहा, सुरक्षितता तर पाहाच, पण शेवटचा निर्णय करताना ज्या वस्तीत तुमच्याहून वेगळ्या माणसाला सन्मानाने राहता येते तीच वस्ती निवडा, आणि अशी वस्ती सापडली नाही तर तुमच्या राहण्याने ती तशी होईल असे वागा. आणि ज्यांच्याकडे एक खोली जास्तीची आहे अशा घरमालकांना सांगणे आहे, की दारात उभ्या असलेल्या तरुणाला त्याचे काम विचारा, त्याचा स्वभाव पाहा, किराया वेळेवर देण्याची हमीही घ्या. पण जात आणि धर्म विचारू नका. तो प्रश्न विचारला जाणार नाही त्याच दिवशी आपल्या शहरांतल्या वस्त्या राहण्यायोग्य होतील.